बटणाच्या स्टेट्सना नावं कशी द्यायची

तुमची फिगमाची, म्हणजे स्क्रीन डिझाईन करायच्या टूलची, फाईल उघडा आणि बटणाच्या कंपोनंटमधली (परत परत वापरायच्या तयार तुकड्यातली) स्टेट्सची, म्हणजे बटणाच्या वेगवेगळ्या अवस्थांची, नावं एकदा नीट वाचा. नॉर्मल, डिफॉल्ट, ॲक्टिव्ह, ॲक्टिव्ह २, ग्रे, क्लिक, ऑन हॉवर, इनॲक्टिव्ह, इनॲक्टिव्ह नवीन, असलं काहीतरी सापडेलच. लोअर परळची एजन्सी असो की ठाण्यातलं चार जणांचं स्टार्टअप, बऱ्याच फायलींची हीच अवस्था असते. रंग, शॅडो, कोपऱ्यांची गोलाई यावर आपण तासन्‌तास घालवतो आणि नाव मात्र जे सुचेल ते टाकून मोकळे होतो, मग डेव्हलपर ते नाव वाचून त्याला जे समजलं ते बनवतो, क्यूए, म्हणजे टेस्टिंग करणारा, तिसराच अर्थ लावून बग टाकतो आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळे कॉलवर बसून ‘तू ॲक्टिव्ह कशाला म्हणतोयस’ यावर चर्चा करत बसतात. हे टाळता येतं आणि त्याला फार अक्कल लागत नाही, एक दुपार लागते, पण ती दुपार डिझायनर आणि डेव्हलपर दोघांनी एकत्र द्यायला हवी.

उदाहरण एकच धरूया म्हणजे गोंधळ नको. समजा लोकलचं तिकीट काढायचं एक ॲप आपण बनवतोय. खाली मोठं ‘तिकीट काढा’ बटण. त्याच्या वर ‘सिंगल’ आणि ‘रिटर्न’ अशी जोडीची बटणं, आणि त्याखाली सेकंड, फर्स्ट, एसी.

नावं ठरवायच्या आधी एक काम करा, प्रत्येक बटणाला तीन प्रश्न विचारा. पहिला, माणूस आत्ता या क्षणी बटणाशी काय करतोय, माऊस वर आणलाय, कीबोर्डने तिथे पोचलाय, की बोटाने दाबून धरलंय. दुसरा, बटण आत्ता काम करू शकतं का, की अडलंय, की आधीच काहीतरी करण्यात गुंतलंय. तिसरा, हे बटण म्हणजे एखादा पर्याय असेल तर तो सध्या निवडलेला आहे का. हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत आणि तिन्हींची उत्तरं एकाच वेळी लागू असू शकतात. ‘रिटर्न’ निवडलेलं असताना त्यावर माऊस येऊ शकतो, ‘एसी’ निवडलेलं असताना ते बंदही असू शकतं कारण शेवटची एसी लोकल निघून गेली. गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, आपण तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच यादीत कोंबतो आणि मग यादी संपतच नाही.

आता सगळ्यात त्रासदायक नाव, ॲक्टिव्ह. वेबवर सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपेजचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेत, ॲक्टिव्ह हा स्यूडो-क्लास (अवस्थेनुसार लागणारी खूण) १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तेव्हा तो फक्त लिंकसाठी होता, आणि आज त्याचा अर्थ म्हणजे बटण दाबून धरलंय तेवढ्यापुरती अवस्था, सोडलं की संपली. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस संचात ॲक्टिव्ह नावाचा क्लास लावला की तो काढेपर्यंत तसाच राहतो, तिथे अर्थ असा की हा टॅब किंवा हे बटण सध्या चालू आहे. अँड्रॉइडमध्ये सिलेक्टेड आणि चेक्ड यांच्या जोडीला ॲक्टिव्हेटेड नावाची अजून वेगळी स्टेट आहे. आणि प्रॉडक्ट मॅनेजर जेव्हा म्हणतो ‘दोन्ही स्टेशनं भरली की बटण ॲक्टिव्ह करा’ तेव्हा त्याला म्हणायचं असतं की बटण दाबता यायला हवं. चाळीत तीन राजू असले की खालून नुसती ‘राजू’ म्हणून हाक मारून चालत नाही, इथेही तसंच. माझं स्पष्ट मत आहे की डिझाईन फाईलमध्ये ॲक्टिव्ह हा शब्द वापरूच नये, कुठल्याही अर्थाने नको. सीएसएसमध्ये तो राहणारच, तिथे तो स्टँडर्डचा भाग आहे, पण तो डेव्हलपरच्या कोडपुरता राहू दे.

इनॲक्टिव्हचंही तेच. तीन टॅबपैकी जो निवडलेला नाही त्याला एक जण इनॲक्टिव्ह म्हणतो, आणि जे बटण दाबताच येत नाही त्यालाही दुसरा इनॲक्टिव्हच म्हणतो. आपल्या ॲपमध्ये ‘रिटर्न’ निवडलेलं असेल तर ‘सिंगल’ इनॲक्टिव्ह झालं असं लिहिलं आणि डेव्हलपरने ते खरंच बंद करून टाकलं तर माणसाला परत सिंगलवर येताच येणार नाही. एवढ्याशा शब्दाने एवढं होतं. निवडलेलं नसेल तर अनसिलेक्टेड, दाबता येत नसेल तर डिसेबल्ड, संपलं.

आता एकेक नाव घेऊ. काहीच चालू नसताना बटण जसं दिसतं त्याला लोक डिफॉल्ट, नॉर्मल, एनेबल्ड, रेस्ट अशी चार नावं देतात. ॲपलच्या यूआयकिटमध्ये (आयफोन ॲप बनवायचा संच) नॉर्मल आहे, गूगलच्या मटेरियल या डिझाईन सिस्टीममध्ये एनेबल्ड, मायक्रोसॉफ्टच्या फ्लुएंट सिस्टीममध्ये रेस्ट. मी रेस्ट घेते. डिफॉल्टला माझा विरोध आहे कारण डायलॉग बॉक्समध्ये एंटर दाबल्यावर जे बटण चालतं त्याला आधीपासूनच डिफॉल्ट बटण म्हणतात आणि दोन गोष्टी एकाच नावाखाली येतात. एनेबल्ड ही तशी चूक नाही, पण हॉवर झालेलं, म्हणजे माऊस वर आलेलं, बटणही एनेबल्डच असतं ना, मग ते नाव एकाच अवस्थेला कसं द्यायचं. तुमच्या टीमला नॉर्मल आवडत असेल तर नॉर्मल ठेवा, फक्त एकच ठेवा.

हॉवर सगळ्यांना माहीत आहे. लक्षात एवढंच ठेवायचं की फोनवर हॉवर नसतो आणि आपल्याकडे लोकलचं तिकीट काढणारा माणूस बहुतेक करून फोनवरच असणार, किंवा स्टेशनवरच्या एटीव्हीएमसमोर, म्हणजे तिकिटाच्या मशीनसमोर, उभा, तिथेही टचस्क्रीन. त्यामुळे महत्त्वाची कुठलीही माहिती फक्त हॉवरवर दाखवू नका. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये अजून एक भानगड होते, बोट उचललं तरी हॉवरचा रंग बटणाला चिकटून राहतो, दुसरीकडे टॅप करेपर्यंत जात नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की बटण निवडलं गेलं. डेव्हलपरला सांगा की हॉवरची स्टाईल ‘डिव्हाइस हॉवर करू शकतं का’ हे विचारणाऱ्या मीडिया क्वेरीच्या आत टाक. आणि सीएसएसमध्ये ॲक्टिव्हचा नियम हॉवरच्या नंतर लिहिलेला हवा, नाहीतर दोघांचं वजन सारखं असल्यामुळे नंतरचा नियम जिंकतो आणि माऊस वर असताना दाबलेलं बटण दाबल्यासारखं दिसतच नाही. डिझायनरने हे माहीत करून घ्यायला काही हरकत नाही, अर्धे ‘प्रेस्ड दिसत नाहीये’वाले बग इथेच सुटतात.

फोकस म्हणजे कीबोर्डने, टॅब की दाबत दाबत आपण ज्या बटणावर पोचलो ते. ही स्टेट फाईलमध्ये सर्रास गाळली जाते आणि मग ब्राउझरची जी काय रेघ येते ती ‘घाण दिसते’ म्हणून कोणीतरी काढून टाकतं, आणि माऊस न वापरू शकणाऱ्या माणसाला आपण स्क्रीनवर कुठे आहोत हेच कळत नाही. हे मला खरंच खटकतं. डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीत, फोकस दिसलाच पाहिजे असा नियम आहे, आणि बटणाची ओळख किंवा त्याची स्टेट ज्या रेघेवरून, आकारावरून कळते तिचा बाजूच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट किमान ३:१ हवा हा नियम २०१८ च्या २.१ आवृत्तीत आला. कोणी म्हणेल की माऊसने क्लिक केल्यावर ती रेघ, म्हणजे फोकसची रिंग, उगाच दिसते, तर त्यासाठी सीएसएसमध्ये फोकस-व्हिजिबल आहे, ते साधारण कीबोर्ड वापरतानाच रिंग दाखवतं, मार्च २०२२ मध्ये सफारी १५.४ आल्यापासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतं, त्यामुळे आता तेही कारण उरलं नाही. नावाच्या बाबतीत मी फाईलमध्ये नुसतं फोकस लिहिते आणि बाजूला नोट टाकते की कोडमध्ये फोकस-व्हिजिबल वापरायचं.

दाबून धरलेल्या बटणाला प्रेस्ड. क्लिक नको, टॅप नको, प्रेसही नको, कारण क्लिक ही घडणारी गोष्ट आहे आणि आपल्याला हवी आहे ती बटणाची अवस्था. इथे एक खाचखळगा आहे तो नीट समजून घ्या. स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, जे आरिया-प्रेस्ड नावाचं ॲट्रिब्यूट आहे त्याचा अर्थ ‘बोट दाबलेलं आहे’ असा नाही, तर ‘हे टॉगल बटण (दाबलं की चालू, परत दाबलं की बंद) चालू आहे’ असा आहे. म्हणजे आपलं सिलेक्टेड (निवडलेलं) आणि त्यांचं प्रेस्ड एक. हे डेव्हलपरशी तोंडी बोलून घ्या, नुसतं नाव वाचून तो चुकीकडे जाऊ शकतो आणि त्यात त्याचा दोष नाही. अजून एक, टॉगल बटणावर आरिया-प्रेस्ड लावलं असेल तर स्टेटबरोबर लेबल बदलायचं नाही. लेबल ‘आवाज बंद’ आणि स्टेट चालू, असं राहू दे, लेबलही ‘आवाज चालू’ झालं की ऐकणाऱ्याला उलटसुलट कळतं.

प्रेस्डच्या दिसण्याबद्दल थोडं, कारण मुंबईत हे फार जाणवतं. संध्याकाळी दादरच्या पुलावर एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात फोन, अंगठ्यानेच सगळं चाललंय, अशा वेळी अंगठ्याखाली बटण बरंचसं झाकलं जातं. प्रेस्डमध्ये फक्त मधला रंग किंचित गडद केला तर तो दिसणारच नाही, बटणाच्या कडेपर्यंत बदल पोचायला हवा. मटेरियलमध्ये यासाठी बटणावर एक पातळ थर टाकतात, हॉवरला ८ टक्के, प्रेस्डला त्याहून जास्त. पद्धत छान आहे कारण प्रत्येक रंगाच्या बटणासाठी वेगळी छटा शोधावी लागत नाही, पण थर किती ठेवायचा हे ऑफिसच्या ट्यूबलाईटखाली ठरवू नका, दुपारी उघड्या प्लॅटफॉर्मवर उन्हात फोन धरून बघा.

डिसेबल्डवर मात्र थांबायला हवं. नावाचा प्रश्न सोपा आहे, डिसेबल्ड म्हणा, ग्रे म्हणू नका. दिसण्यावरून दिलेलं कुठलंही नाव डार्क मोड आला की मोडतं, तेव्हा ‘ग्रे’ बटण ग्रे राहत नाही आणि नाव तसंच राहतं. खरा प्रश्न हा की बटण बंद का आहे, आणि एकाच डिसेबल्ड नावाखाली वेगवेगळी कारणं लपतात. माणसाने स्टेशन भरलं नाही म्हणून बंद, नेटवर्क नाही म्हणून बंद, किंवा ही सोय या मार्गावर नाहीच म्हणून बंद. पहिल्या प्रकारात मी बटण बंदच करत नाही. दाबू द्या आणि सांगा की ‘कुठे जायचंय ते निवडा’. एचटीएमएलचं डिसेबल्ड लावलं की बटण टॅबच्या रांगेतून बाहेर जातं, क्लिकही लागत नाही, आणि फिकट अक्षरं उन्हात वाचता येत नाहीत, म्हणजे माणूस अडकला आणि का अडकला तेही कळलं नाही. बंद बटणाला डब्ल्यूसीएजीने कॉन्ट्रास्टच्या नियमातून सूट दिलीय हे खरं आहे, पण सूट आहे म्हणून वाचता न येणारं बनवायचं असं थोडंच आहे. बटण बंद दिसायला हवं पण कीबोर्डने तिथे पोचता यायला हवं आणि ते का बंद आहे हे वाचता यायला हवं, असं असेल तर आरिया-डिसेबल्ड वापरतात, पण ते फक्त सांगतं, थांबवत नाही, क्लिक थांबवायचं काम डेव्हलपरला वेगळं करावं लागतं. म्हणून फाईलमध्ये डिसेबल्डच्या बाजूला एक ओळ लिहाच, बंद असण्याचं कारण काय आणि एचटीएमएलचं डिसेबल्ड की आरिया-डिसेबल्ड.

लोडिंग ही डिसेबल्डची बहीण समजून तिला वेगळं नाव न देण्याची सवय आहे, ती सोडा. डिसेबल्ड म्हणजे ‘जमणार नाही’, लोडिंग म्हणजे ‘करतोय, थांब’, आणि पैसे कापले जाणार असतील तेव्हा या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. भायखळ्याच्या पुढे गाडीत नेटवर्क गेलं, ‘तिकीट काढा’ दाबलं आणि बटण नुसतं फिकट झालं तर माणूस परत परत दाबणार, ॲप बंद करून उघडणार. लोडिंगमध्ये बटणाचा रंग जवळपास रेस्टसारखाच ठेवा, दुसरं टॅप घेऊ नका आणि शब्दात सांगा, ‘तिकीट काढतोय’. नुसतं गोल फिरणारं चक्र ठेवलं तर स्क्रीन रीडरवाल्याला काहीच कळत नाही. बटणाची रुंदी बदलू देऊ नका, मराठी लेबल लांब असतात, ‘काढा’चं ‘काढतोय’ झालं की बटण फुगतं आणि बाजूचं सगळं सरकतं, म्हणून सगळ्यात लांब लेबल धरून रुंदी ठरवा. ओळीची उंचीही तपासून घ्या, इंग्रजीवर बेतलेल्या बटणात वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. आणि हो, दोनदा पैसे कापले जाऊ नयेत याची शेवटची जबाबदारी सर्व्हरचीच आहे, बटणाची स्टेट ही फक्त माणसाला धीर देण्यासाठी.

सिलेक्टेड हे आपल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, त्यामुळे ते रेस्ट, हॉवर, प्रेस्डच्या वरच्या यादीत घालायचंच नाही. ‘डेंजर’, ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’ हेही स्टेट नाहीत, ते बटणाचे प्रकार आहेत. ‘तिकीट रद्द करा’ लाल आहे कारण ते तसलं काम करतं, माणूस त्यावर काय करतोय याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता फाईलमध्ये मांडणी. फिगमात २०२० पासून व्हेरियंट (एकाच कंपोनंटची वेगवेगळी रूपं) आहेत, त्यात बटणाला वेगवेगळ्या प्रॉपर्टी देता येतात, मग त्याच वापरा. टाईप एक, साईझ एक, स्टेट एक आणि सिलेक्टेड एक. स्टेटमध्ये रेस्ट, हॉवर, प्रेस्ड, डिसेबल्ड, लोडिंग. सिलेक्टेडमध्ये फक्त ट्रू आणि फॉल्स, म्हणजे फिगमा आपोआप छोटा स्विच दाखवतं. फोकस मी स्टेटच्या यादीत न घालता वेगळी ट्रू-फॉल्स प्रॉपर्टी ठेवते आणि रिंग वेगळ्या लेयरवर, कारण फोकस हा हॉवरबरोबर, प्रेस्डबरोबर, सिलेक्टेडबरोबर, कशाबरोबरही येऊ शकतो. इथे आकडा बघून घाबरू नका, पण बघा मात्र. तीन टाईप, तीन साईझ, पाच स्टेट म्हणजे ४५, सिलेक्टेडचे दोन धरले की ९०, फोकसचे दोन धरले की १८०. सगळे काढत बसायचं नाही. ‘तिकीट काढा’ सारख्या बटणाला सिलेक्टेड नसतंच, म्हणून सिंगल-रिटर्नवालं टॉगल बटण हा वेगळा कंपोनंट करा, साधं बटण वेगळं, अर्धी संख्या तिथेच गळते. फोकसची रिंग व्हेरियंटऐवजी लेयर दाखवा-लपवावाल्या बूलियन प्रॉपर्टीने केली की अजून अर्धी. साध्या बटणाचे उरतात ते ४५, आणि तेवढे काढण्यासारखे असतात.

रंगाच्या टोकनलाही (रंगाला दिलेलं, डिझाईन आणि कोड दोन्हीकडे चालणारं नाव) हीच नावं त्याच क्रमाने: आधी कंपोनंट, मग टाईप, मग कुठला भाग, सगळ्यात शेवटी स्टेट. म्हणजे बटण, प्रायमरी, बॅकग्राउंड, हॉवर. स्टेट शेवटी ठेवली की यादीत एकाच भागाच्या सगळ्या स्टेट्स एकाखाली एक येतात आणि कुठली राहिली ते लगेच दिसतं. टोकनमध्ये ‘डार्कर’, ‘ब्लू २’ असलं काही नको.

दोन स्टेट्स एकदम लागू झाल्या तर कोण जिंकणार हेही लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक डेव्हलपर आपापलं ठरवतो. माझा क्रम असा: डिसेबल्ड सगळ्यांच्या वर, मग लोडिंग, मग प्रेस्ड, मग हॉवर, उरलं ते रेस्ट. फोकस या भांडणात नाही, तो वरून लागतो.

मग डेव्हलपरबरोबर बसून एक तक्ता करा, डावीकडे आपलं नाव आणि पुढे प्रत्येक प्लॅटफॉर्मचं. आपलं प्रेस्ड म्हणजे सीएसएसमध्ये ॲक्टिव्ह, यूआयकिटमध्ये हायलाइटेड, अँड्रॉइड आणि विंडोजमध्ये प्रेस्ड. आपलं हॉवर म्हणजे अँड्रॉइडमध्ये हॉवर्ड, विंडोजच्या नव्या कंट्रोल्समध्ये पॉइंटर-ओव्हर. डिसेबल्ड अँड्रॉइडमध्ये थेट नाही, तिथे एनेबल्ड फॉल्स. लोडिंग यातल्या कुठल्याच मूळ यादीत नाही, ते आपल्यालाच बनवावं लागतं, म्हणून त्याचं वागणं सगळ्यात तपशीलवार लिहा. तक्ता कंपोनंटच्या बाजूला त्याच पानावर चिकटवा, वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये ठेवला की कोणी उघडत नाही.

जुनी फाईल सुधारायची असेल तर नावं एकदम बदलू नका. डिझायनरने गुपचूप ॲक्टिव्हचं प्रेस्ड केलं आणि लायब्ररी (सगळ्यांनी वापरायच्या कंपोनंटची फाईल) पब्लिश केली की दुसऱ्यांच्या फायलीतली ओव्हरराइड्स, म्हणजे त्यांनी तिथे केलेले बदल, उडू शकतात, कोडमध्ये जुनं टोकन मागणारी ओळ तशीच राहते. आधी प्रत्येक जुन्या ॲक्टिव्हचा खरा अर्थ शोधा, चार जागी चार निघतील. मग नवी टोकन्स जोडा, जुनी त्यांच्याकडे वळवून एक रिलीज तशीच चालू द्या, पब्लिश करताना काय बदललं ते नोटमध्ये लिहा, आणि कोडमध्ये जुनं नाव शोधून एकही जागा सापडेनाशी झाली की मगच ते काढा.